नळ, सावली, वारा : शहरात रोज मिळणाऱ्या, पण न दिसणाऱ्या गोष्टी

ओली_माती

काही वर्षं कतारमध्ये, दोह्यात काढून यंदा आम्ही कायमचे मुलुंडला परत आलो. आल्यापासून मला इथल्या अगदी रोजच्या गोष्टी नव्याने दिसायला लागल्यात. त्यातली एकही दुकानात विकत मिळणारी नाही, म्हणून हा धागा.

दोह्यात नळाला येतं ते समुद्राचं पाणी. खाऱ्या पाण्यातलं मीठ काढून ते घरोघर पोचवतात. नदी नाही, पाऊस बोटावर मोजण्याइतके दिवस. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याशी ठिबकची काळी नळी असते. ती बंद पडली तर झाड गेलंच म्हणायचं. तिथल्या लोकांनी वाळवंटात जे उभं केलंय त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ते इतकी वर्षं बघितल्यावर मुलुंडच्या आमच्या गल्लीत, कुणीही पाणी न घालता चौथ्या मजल्यापर्यंत गेलेला विलायती शिरीष बघून मी खरंच थबकले. लहानपणापासून त्याच्याखालून शाळेत गेले आणि एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

मग पाण्याबद्दल वाचायला लागले. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. विहार आणि तुळशी हे दोन शहराच्या हद्दीतच, राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा, लांब ठाणे, पालघर, नाशिककडच्या डोंगरांत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. म्हणजे मी सकाळी चहाला आधण ठेवते त्या पाण्यामागे दीडशे वर्षांहून जास्त काळ चाललेलं काम आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून माझ्या मोरीत येतो, आणि घरगुती वापरासाठी पालिका त्याचे हजार लिटरला दहा रुपयेही घेत नाही.

मुलुंड, भांडुप, पवई भागातल्यांनी त्या जाडजूड जलवाहिन्या बघितल्या असतीलच. आम्ही लहानपणी नुसतं 'पाइपलाइन' म्हणायचो. पलीकडच्या मैत्रिणीकडे जायचं तर पाइपलाइन ओलांडून. आत काय वाहतंय हा विचार कधी डोक्यात आला नाही.

तुमच्या शहरातली अशी एखादी गोष्ट सांगा. अट एकच : ती विकत घ्यावी लागत नसावी, किंवा घ्यावी लागली तरी कुणालाही परवडेल अशी असावी. आणि नुसतं 'आवडतं' एवढंच नको, ती गोष्ट चालते कशी हेही माहीत असेल तर लिहा.

---

पिंपळपान

सुंदर विषय. वाचनखूण साठवली आहे, सविस्तर लिहिते.

---

निवृत्त_जलखाते

ताई, तुम्ही पाण्यावर लिहिलंत, आता राहवत नाही. माझी सगळी नोकरी जलखात्यात गेली.

तानसा आणि वैतरणेचं पाणी बहुतांश उताराने येतं. तलाव उंचावर, शहर खाली, आणि मधली वाहिनी अशी आखलेली की पाणी आपल्या वजनानेच पुढे सरकावं. इतक्या मोठ्या शहराला इतकं पाणी फारसा पंप न लावता मिळणं हे किती मोठं भाग्य आहे, ते वीजबिल बघणाऱ्यालाच कळतं. भातशाचं तसं नाही, ते पिसे-पांजरापूरला उचलून घ्यावं लागतं. भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल तर आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिथून पाणी जातं टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत. मलबार हिलचं फिरोजशहा मेहता उद्यान, जिथे लोक मुलांना म्हाताऱ्या बाईचा बूट दाखवायला नेतात त्याच्या समोरचं, हे एका जलाशयाच्या छतावर आहे. २०२३ साली तो जलाशय नव्याने बांधायची योजना आली, झाडं जाणार म्हणून नागरिकांनी हरकती घेतल्या, तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण रोज सकाळी पाण्यावरून चालतो.

पण मला लिहायचंय ते चावीवाल्यांबद्दल. मुंबईत सगळीकडे एकाच वेळी पाणी नसतं. विभाग पाडलेले, वेळा ठरलेल्या. तुमच्याकडे पाच वाजता पाणी येतं याचा अर्थ त्याच्या थोडं आधी एक माणूस रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, माणसाच्या छातीला लागेल एवढी लांब चावी आत सोडून, झडप उघडत असतो. किती आटे फिरवायचे हे ठरलेलं असतं, आणि ते सावकाश फिरवायचे. घाईने उघडली तर दाबाचा झटका बसतो आणि जुनी वाहिनी सांध्यावर फुटते. बंद करतानाही तेच. पावसात त्या खड्ड्यात पाणी साठलेलं असतं, झडप दिसत नाही, हाताच्या अंदाजाने चावी बसवायची. हे काम शहरभर रोज चालतं. दिवाळीला, गणपतीला, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतरच्या चिखलातसुद्धा चाललं.

आणि गळती शोधणारे. रात्री दोन-तीनला रहदारी थांबली की रस्त्यावर यायचं, लोखंडी कांबीचं एक टोक जमिनीला किंवा झडपेला टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. वाहत्या पाण्याचा आवाज वेगळा आणि फटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेगळा. आता यंत्रं आली आहेत, पण आमच्यातले जुने लोक नुसत्या कानावर जागा सांगायचे, आणि खोदलं की तिथेच निघायची.

---

ओली_माती

काका, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. आमच्या कोपऱ्यावर एक माणूस पहाटे ती लांब चावी खांद्यावर टाकून सायकलवरून जाताना दिसतो. तो कोण हे मला आज कळलं.

---

मांजराकाठ

मी मूळची लातूरची. सध्या पुण्याजवळ वाकडला असते.

२०१६ सालचा उन्हाळा मी लातुरात काढलाय. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ तर कधीच गेले होते. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं व्हायला लागली म्हणून जमावबंदी लावली. मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीवाले डबे, सगळं मिळून पाचेक लाख लिटर. देशभर बातमी झाली. पुढे वाघिणी वाढल्या. रेल्वेचं पाणी काही थेट घरात येत नव्हतं. ते उतरवून, शुद्ध करून, टँकरने वाटलं जायचं.

घरातली पद्धत सांगते. आंघोळ मोठ्या परातीत बसून. परातीतलं पाणी कपडे भिजवायला. कपड्यांचं शेवटचं पाणी संडासला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि तुळशीला, ते मात्र आजी दुसऱ्या कशाला वापरू द्यायची नाही. पाहुणे येणार म्हटलं की पहिला प्रश्न, किती दिवस राहणार. आतिथ्यात कधीही कमी न पडणाऱ्या माणसांना असा प्रश्न विचारायला लागावा याचं आईला फार वाईट वाटायचं. येणारेही समजूतदार, एखादी कॅन भरून आणायचे.

त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरलं. लोक गाड्या करून धरण बघायला गेले. माझ्या वडिलांनी जाऊन पाण्याची ओटी भरली. ते एरवी देवळातही जात नाहीत.

आता वाकडला नळ सोडला की पाणी येतं. माझा मुलगा दात घासताना नळ तसाच सोडतो, तेव्हा मी ओरडत नाही. मी त्याला लातूरला आजोबांकडे पाठवते. तिथे टाकी, पिंप, हंडे यांचा हिशेब तो स्वतःच शिकतो.

---

वेताळकडा

मांजराकाठ, शब्द नाहीत. पाण्याची ओटी भरणं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पुण्यात पेठेत वाढलेल्यांना हौद माहीत असतात, नाना हौद, काळा हौद, फडके हौद. नावं पत्त्यात राहिली, पाणी गेलं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या बांधीव नळांनी पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं आणि वाटेतल्या हौदांत सोडलं. मध्ये मध्ये उसासे ठेवलेले, हवा खेळती राहावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही गेलं आणि गावाचं पाणी तुटलं, तेव्हा लोक परत या हौदांवर आणि वाड्यातल्या विहिरींवर गेले. माझी आजी नारायण पेठेत होती, ती सांगायची.

माझी गोष्ट मात्र टेकडी. वेताळ टेकडीवर जायला तिकीट नाही, वेळेचं बंधन फारसं नाही, कपडे-बूट कुठले घातलेत ते कुणी बघत नाही. बँकेतले निवृत्त साहेब, भाजीची गाडी लावून आलेला पोरगा, सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुली, सगळे एकाच पायवाटेवर. उन्हाळ्यात वर गवत पिवळं पडलेलं असतं आणि खाली खाणीत पाणी टिकून असतं. मोर पहाटे ओरडतात. लावलेला गिरिपुष्प फेब्रुवारीत गुलाबी होतो. तो मूळचा इथला नाही, त्यावर वाद आहेत, इथे नको. टेकडीवर पडणारा पाऊस मुरून खालच्या कोथरूड-एरंडवण्याच्या विहिरींना आणि बोअरना मिळतो, हे पुण्यात बंगला विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

---

सातबारा

माफ करा, थोडं वेगळं लिहितो. मी शहापूर तालुक्यातला. वर ज्या तलावांची नावं आली त्यातले तानसा, भातसा आमच्या तालुक्यात आणि वैतरणेचे लागून. उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याने मुंबईची वाहिनी जाते.

मुंबईला पाणी देऊ नका असं आम्ही म्हणत नाही. आमचीही पोरं तिकडेच कामाला आहेत. पण नळ सोडताना आमच्या गावांची नावं माहीत असावीत, एवढं वाटतं.

---

खाडीपलीकडे

सातबारा, बरं झालं लिहिलंत. मी गोवंडीत शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी नळ नाही. पिंप विकत भरून घेतात, आणि लिटरमागे त्यांना पडणारा दर मुलुंडच्या फ्लॅटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पाणी येण्याच्या वेळेला मुलगी शाळेत गैरहजर, हे माझ्या हजेरीपटावर दिसतं. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यासाठी वस्त्यांमधल्या लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे केले होते. त्यानंतर काही गल्ल्यांत मीटरची जोडणी आली. ज्या दिवशी आली त्या दिवशी पेढे वाटले गेले, मलाही मिळाला. जोडणीची पावती त्या घरात मुलांच्या दाखल्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे.

म्हणून मला हा धागा योग्य वाटतो. ज्याला मिळालंय त्याला किंमत कळली, तरच ज्याला मिळत नाही त्याच्यासाठी तो बोलेल.

---

ओली_माती

मांजराकाठ, सातबारा, खाडीपलीकडे, हे तीन प्रतिसाद मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. सातबारा, गावांची नावं लिहाच, मी मुद्दाम विचारतेय. आणि सुट्टीत तानशाच्या बाजूला मुलांना घेऊन यायचं आहे, पिकनिकला नाही, बघायला.

---

सातबारा

या की. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात या. व्यक्तिगत निरोप पाठवतो, घरीच जेवायला या.

---

रस्त्यावरचा_माणूस

सगळं ठीक, पण एक विचारू? फूटपाथ चालण्यालायक नाही, हवेत धूळ, पावसाळ्यात रस्त्याची चाळण, आणि आपण झाडाखाली उभं राहून कृतज्ञता व्यक्त करायची? असल्या कौतुकाने पालिकेला मोकळं रान मिळतं.

---

वेताळकडा

अनुभव उलटा आहे. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीतल्या बोगद्यांविरुद्ध २०२३ मध्ये एवढे पुणेकर रस्त्यावर उतरले, ते कोण होते? रोज टेकडी चढणारे. ज्यांनी टेकडी कधी पाहिलीच नाही त्यांना नकाशात तिथे मोकळी जागा दिसते. ज्याला कुठल्या वळणावर कुठलं झाड आहे हे माहीत आहे, तो हरकत नोंदवायला जातो.

---

फांदीवरची_शाळा

वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे झाडांवर लिहायचा हक्क बजावते.

ओली_माती, तुमचा विलायती शिरीष संध्याकाळी नीट बघा. सूर्य कलला की पानं मिटतात, आणि ढग दाटून आले तरी मिटतात. त्यामुळे पावसाचं पाणी थेट खाली मुळांशी पडतं. दुपारी पानं उघडी, तेव्हा छत्री पसरल्यासारखी दाट सावली. भर एप्रिलमध्ये उघड्या डांबरावरून त्या सावलीत पाऊल टाकलं की फरक पायालाच कळतो.

मुंबई-ठाण्यात वर्षभर काय बघायचं ते सांगते. फेब्रुवारीत पांगारा आणि काटेसावर, पानं झडलेली आणि लाल फुलं, त्यावर मैना-कावळ्यांची गर्दी. मार्च-एप्रिलमध्ये सोनमोहर, सकाळी झाडायच्या आधी गेलात तर सगळा फूटपाथ पिवळा. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि तामण. तामण हे आपलं राज्यफूल, आणि दहा जणांना विचारलं तर आठ जणांना ओळखू येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जांभळट गुलाबी, चुरगाळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सप्तपर्णी, रात्रीच्या वासाने अख्खी गल्ली भरते. काहींना त्या वासाने डोकं दुखतं, मला दिवाळी आली असं वाटतं. आणि वर्षभर तांबट, टुक टुक टुक. २०११ साली मुंबईकरांनी त्याला शहराचा पक्षी म्हणून निवडलं. दिसायला चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, हिरवा, कपाळ लाल. वाळक्या फांदीत भोक पाडून घर करतो, म्हणून दिसली वाळकी फांदी की छाट, असं करू नका. धोका नसेल तर राहू द्या.

एक काम प्रत्येकाला करता येईल. आपल्या दारातल्या झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेले असतील तर पालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि माती मोकळी करून घ्या. मुळांना हवा-पाणी मिळालं नाही की झाड वरून हिरवं दिसतं आणि पहिल्या वादळात उन्मळून पडतं. झाड तोडायची नोटीस लागली तर मुदतीत हरकत घेता येते, १९७५ च्या झाडांच्या कायद्यातच ती सोय आहे. खोडावर चिकटवलेला कागद वाचत जा.

---

पिंपळपान

कबूल केल्याप्रमाणे लिहिते. माझी गोष्ट वारा.

दादरला समुद्रापासून दोन गल्ल्या आत राहते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, परीक्षेपुरते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे. रात्री उलटं, ते मतलई. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे. माहीमच्या एका कोळीण मावशींनी मला हे सांगितलं, तेव्हा पाठ केलेलं पहिल्यांदा समजलं.

मार्च महिन्यात हे नीट अनुभवता येतं. पूर्वेकडून कोरडी गरम हवा जोरात असली की खारा वारा अडतो. ज्या दिवशी तो अकरा-साडेअकराला आत येतो त्या दिवशी मुंबई सुसह्य. ज्या दिवशी दोन वाजेपर्यंत अडून राहतो त्या दिवशी पारा पार चढतो आणि धूरही शहरावरच बसून राहतो. आमच्या घरात पश्चिमेच्या खिडकीला जुना सुती पडदा आहे. तो आतल्या बाजूला फुगला की सासूबाई म्हणतात, "आला बाई." आणि पंखा एकाने कमी करतात.

पूर्वी आमच्या मजल्यावर सगळ्या खोल्यांत हा वारा फिरायचा. समोर उंच इमारत उभी राहिली, आता एकाच खोलीत येतो. त्या खोलीत आम्ही जेवणाचं टेबल हलवलं.

---

चाकोरीबाहेर

पिंपळपान, दादरकर म्हणून शंभर टक्के सहमत.

माझ्याकडून बेस्टची बस. खिडकीची जागा, सकाळची वेळ. जुन्या डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटसाठी आम्ही भावंडं भांडायचो. आता वातानुकूलित विजेवरच्या डबलडेकर आहेत, त्यांच्या पुढच्या काचेतून आजही शहर तसंच दिसतं. किमान भाडं २०२५ च्या मेमध्ये पाचाचं दहा झालं, तरी अजून सगळ्यांना परवडतं. वाहकाने 'पुढे चला' म्हणणं, सुटे पैसे तळहातावर मोजून ठेवणं, म्हाताऱ्या माणसाला चढेपर्यंत चालकाने थांबणं, हे बघत बसलं तरी प्रवास संपतो. बसगाड्या कमी होत चालल्यात याची मला काळजी वाटते, म्हणून शक्य तिथे मी बसनेच जातो.

---

लेकीची_आई_न्यूजर्सी

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण इथे राहून मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर पायी जाता येईल असं दुकान. फोडणी घातली आणि कोथिंबीर नाही हे लक्षात आलं, तर ठाण्यात मुलीला दहा रुपये देऊन खाली पाठवता यायचं. इथे आमच्या भागात फूटपाथच नाही, दुकानाला गाडीनेच जायचं. माझी लेक बारा वर्षांची झाली, एकटीने दुकानात जाऊन काही आणलेलं नव्हतं. यंदा सुट्टीत नौपाड्याला आजीकडे आली, आणि लिंबू, पाव, वर्तमानपत्र असं एकेक आणायला दिवसभर फेऱ्या मारत होती. वाण्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा ती दोन जिने धावत वर आली सांगायला.

आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं. तिथे नुसतं बसून वर्तमानपत्रं वाचायची मुभा आहे. घरात जागा नसलेली किती मुलं अशा वाचनालयांत बसून शिकली असतील.

---

रंकाळा_फेरी

कोल्हापूर मोठ्या शहरांच्या मानाने लहान, पण लिहितोच. गंगावेशीत दूध कट्टा आहे. संध्याकाळी म्हशी येतात, तुमच्यासमोर धार काढतात, फेसासकट कोमट दूध ग्लासात. बाहेरगावचे लोक फोटो काढतात, आम्ही लहानपणापासून आजोबांबरोबर जात आलोय. आजोबा पैलवान नव्हते, पण दूध पिऊन झाल्यावर मिशी पुसायची पद्धत पैलवानाची. रंकाळ्यावर फेरी आणि मग दूध, एवढ्यावर संध्याकाळ पुरते.

---

ओली_माती

तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, वेळ काढून परत परत वाचतेय. फांदीवरची_शाळा, आमच्या शिरीषाभोवती खरंच पेव्हर ब्लॉक बसवलेत, बुंध्याला टेकून. फोटो काढून अर्ज लिहिलाय, सोसायटीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या. सचिवांनी आधी "पानं फार पडतात" म्हणून नाक मुरडलं, पण त्यांची गाडी त्याच सावलीत असते हे त्यांच्या पत्नीनेच त्यांना सांगितलं आणि त्यांनीही सही केली.

काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. सकाळी नळ सोडला की कधी कधी पाणी दुधासारखं पांढरं येतं. शेजारच्या म्हणतात औषध जास्त पडलंय, पिऊ नका, आणि त्या ते ओतून देतात. मांजराकाठचा प्रतिसाद वाचल्यापासून मला ते ओतलेलं बघवत नाही.

---

निवृत्त_जलखाते

ओतू नका म्हणावं. वाहिनीत दाबाखाली हवा पाण्यात मिसळलेली असते, विशेषतः पाणी सुरू होतानाच्या वेळेला. नळातून बाहेर पडताच दाब सुटतो आणि बारीक बुडबुडे दिसतात. काचेच्या ग्लासात घेऊन ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत तळापासून वरपर्यंत नितळ होत गेलं, तर ती हवा. ते पाणी चांगलं आहे.

गढूळ, तांबूस असेल किंवा वास येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पहिलं पाणी फरशी पुसायला बादलीत धरून घ्या, आणि नंतरही तसंच आलं तर विभाग कार्यालयात तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. नमुना तपासायला माणूस येतो. क्लोरीनचा हलका वास मात्र चांगली खूण आहे, त्याचा अर्थ तुमच्या नळापर्यंत जंतुनाशक पोचलंय. पाणी भांड्यात उघडं ठेवलं की वास जातो.

आणि अर्जावर सह्या घ्यायला लोक जमतातच आहेत तर सोसायटीत हेही विचारा : खालची आणि गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, आणि झाकणं बसतात का. भांडुपहून चांगलं निघालेलं पाणी बहुतेक वेळा बिघडतं ते आपल्याच टाकीत.

---

ओली_माती

ग्लासात घेऊन बघितलं. खालून वर नितळ झालं, शेजारच्या ताईंनाही बोलावून दाखवलं. टाकीचं विचारलं तर कुणालाच आठवत नाहीये. रविवारी सभा आहे, पहिला विषय तोच घेतेय.